चार स्पीकर, एकच सम: घरभर एकसाथ गाणं वाजवायचं तर

हॉलमध्ये एक स्पीकर, स्वयंपाकघरात दुसरा. गाणं एकच, दोन्हीकडे चालू. सोफ्यावर बसून ऐकलं तर सगळं ठीक वाटतं. उठून मधल्या पॅसेजमध्ये आलात की मात्र तबल्याची प्रत्येक थाप दोनदा पडते, गायकाच्या मागे त्याचंच भूत गातंय असं वाटतं. आवाज कमी-जास्त करून पाहा, स्पीकर हलवून पाहा, ते भूत जात नाही. दुप्पट पैसे टाकून मोठा स्पीकर आणला तरी जात नाही, कारण सगळा घोळ वेळेचा आहे.

वेळेचं गणित एकदा डोक्यात बसलं की पुढची सेटिंगं सोपी होतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर, ढोबळमानाने एक फूट. दहा फुटांवरच्या स्पीकरचा आवाज कानाशी नऊ-दहा मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली हेच मोजून दाखवलं होतं: दोन ठिकाणांहून निघालेला तोच आवाज साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आला तर मेंदू दोन्ही एकत्र करतो, आणि जो आधी आला त्याच दिशेने सगळा आवाज आला असं धरून चालतो. फट त्यापुढे वाढली की दुहेरी ऐकू येऊ लागतं. टाळी, चिपळ्या, घुंगरू असल्या तुटक आवाजांत ती बरीच आधी कळते. तानपुऱ्यात किंवा बासरीत लपून जाते. म्हणून तपासणी करायची ती तबल्यावर नाहीतर बातम्यांच्या निवेदनावर.

यातून दोन वेगळे निकष निघतात. वेगवेगळ्या खोल्यांतल्या स्पीकरांमध्ये वीसेक मिलिसेकंदांचा फरक खपून जातो, कारण मध्ये भिंती आणि अंतर आहेच. एकाच खोलीत डावा-उजवा अशी जोडी लावली असेल तर तिथे एका मिलिसेकंदाचाही फरक गायकाला मध्यावरून उचलून एका कोपऱ्यात नेऊन बसवतो. पॅसेजमधल्या स्पीकरला जे माफ आहे ते टीव्हीच्या दोन्ही बाजूंच्या जोडीला माफ नाही.

आणि "एक, दोन, तीन" म्हणून दोन फोनवर एकदम प्ले दाबायचा उपाय? पहिली काही मिनिटं जमलं तरी पुढे फसतो. प्रत्येक यंत्रात वेळ मोजणारा स्वतःचा क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि कुठलेच दोन स्फटिक अगदी सारख्या वेगाने चालत नाहीत. दहा लाखांत ४० भागांचा फरक धरा, स्वस्त स्फटिकांत तो सहज असतो. दहा मिनिटांत २४ मिलिसेकंद झाले, तासाभरात १४४. म्हणजे अगदी समेवर सुरू केलेली मैफल तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत फाटते. म्हणून एकसाथ वाजणाऱ्या कुठल्याही धड यंत्रणेत एकजण म्होरक्या असतो, बाकीचे सतत त्याच्या घड्याळाला आपलं घड्याळ लावून घेतात, आणि गाणं थोडं आधीच साठवून ठेवून ठरलेल्या क्षणी सोडलं जातं. प्ले दाबल्यावर एक-दोन सेकंद शांतता असते ती याचसाठी. तो बिघाड समजून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

ब्लूटूथवर कितपत जमतं

नेहमीचं ब्लूटूथ म्हणजे एक फोन आणि एक स्पीकर यांच्यातली जोडगोळी. आवाज फोनमध्ये आवळून पाठवला जातो, स्पीकरमध्ये उलगडला जातो, आणि यात शंभर ते अडीचशे मिलिसेकंद जातात. नेमके किती, हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं. सॅमसंगच्या फोनमध्ये ड्युअल ऑडिओ आहे, दोन स्पीकर एका वेळी जोडता येतात. पण एक १५० मिलिसेकंद उशीर लावणारा आणि दुसरा २२० लावणारा असेल तर मधली ७० मिलिसेकंदांची फट तशीच राहते. एकाच मॉडेलचे दोन घेतले तर बऱ्यापैकी जुळतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन असतील तर नशिबावर सोडा.

त्यावर कंपन्यांनी आपापले पार्टी मोड काढले. यात फोन पहिल्या स्पीकरशीच बोलतो, पहिला पुढच्यांना आवाज देतो आणि त्यांच्यासाठी स्वतः थोडा थांबतो. उपयोगी आहे, पण लेबल नीट वाचून घ्या. जेबीएलचेच उदाहरण घ्या: कनेक्ट प्लस, पार्टीबूस्ट आणि ऑराकास्ट या त्यांच्या तीन वेगवेगळ्या पिढ्या. कनेक्ट प्लसवाला पार्टीबूस्टवाल्याशी जुळत नाही, आणि ऑराकास्टवर गेलेली नवी मॉडेलं पार्टीबूस्टवाल्यांशी जुळत नाहीत. "दोन्ही एकाच कंपनीचे आहेत, जोडले जातील की" या भरवशावर दुसरा स्पीकर विकत घेऊ नका. खोक्यावरची खूण पाहा.

स्वस्त स्पीकरांत याला टीडब्ल्यूएस (ट्रू वायरलेस स्टिरिओ) म्हणतात आणि तिथे बहुतेक वेळा अगदी तेच मॉडेल लागतं. जोडताना क्रम चुकतो म्हणून ते अडतं. आधी घरातल्या सगळ्या फोन-टॅबमधून दोन्ही स्पीकर "फॉरगेट" करा. दुसरा स्पीकर मुलांच्या टॅबला गुपचूप जोडलेला असणं हे न जुळण्याचं पहिलं कारण. मग दोन्ही चालू करून मीटरभर अंतरात ठेवा, एकमेकांशी जोडायचं बटण दाबा, दोघांचा दिवा स्थिर झाल्यावरच फोन जोडा, आणि तोही एकालाच. फोन दोघांना वेगवेगळा जोडला की जोडी फुटते. जोडी झाल्यावर ते लांब ठेवा, पण मध्ये आरसीसीची भिंत आली तर खोक्यावरचे १० मीटर विसरायचे.

स्वयंपाकघरातला स्पीकर ठरावीक वेळीच तुटक वाजतो का? मायक्रोवेव्ह चालू असतानाच होत असेल तर शोधाशोध संपली. मायक्रोवेव्ह साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, ब्लूटूथ आणि जुनं वाय-फाय त्याच पट्ट्यात. स्पीकर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्या, निम्मा त्रास कमी होतो.

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक जुगाड आहे. मॅकमध्येच असलेलं ऑडिओ मिडी सेटअप हे ॲप उघडून मल्टि-आउटपुट डिव्हाइस तयार करा, हवे ते स्पीकर निवडा, एकाला मुख्य घड्याळ ठरवा आणि उरलेल्यांपुढे ड्रिफ्ट करेक्शनची खूण करा. याने वर सांगितलेली घड्याळांची घसरण थांबते. सुरुवातीपासूनचा ठरावीक उशीर मात्र तसाच राहतो, म्हणून इथेही सारखे स्पीकर हवेत.

ऑराकास्ट हे यातलं पुढचं पाऊल. आकाशवाणीसारखा एकाने आवाज प्रक्षेपित करायचा, ज्यांना हवं त्यांनी ऐकायचं. किती जण ऐकतात याला बंधन नाही. फोनमध्ये ऑराकास्ट नसला तरी चालणारे स्पीकर आहेत: पहिला नेहमीच्या ब्लूटूथने गाणं घेतो आणि पुढे ऑराकास्टने पसरवतो. गच्चीवर, सहलीला, शेतावर झक्क. घरात रोज वापरायला मात्र वाय-फायच, कारण ब्लूटूथवर फोन आला की गाणं अडतं आणि तुम्ही भाजी आणायला गेलात की गाणंही तुमच्याबरोबर घराबाहेर जातं.

वाय-फायची घराणी

वाय-फायवर बहुतेक वेळा फोन नुसता रिमोट असतो. गाणं स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढतो, त्यामुळे फोन बंद पडला तरी वाजत राहतं. आयफोनवरून एअरप्ले केलं तर मात्र गाणं फोनच पाठवतो. घराणी मुख्यतः चार: गुगल, ॲलेक्सा, ॲपलचं एअरप्ले २ आणि सोनोस. एअरप्ले २ असलेले सोनोससारखे अपवाद सोडले तर एका घराण्याचा स्पीकर दुसऱ्याच्या गटात बसत नाही. हॉलमध्ये ॲलेक्साचा इको आणि बेडरूममध्ये गुगलचा नेस्ट असेल तर दोन्हीवर तेच गाणं लावता येईल, एकसाथ वाजवता येणार नाही. स्पॉटिफायमध्ये सगळे स्पीकर एकाच यादीत दिसतात म्हणून फसायला होतं. तिथे दिसणारे गट आधी त्या त्या घराण्याच्या ॲपमध्ये बांधलेलेच असतात.

म्हणून सल्ला रोखठोक आहे: आज घरात ज्या घराण्याचे दोन स्पीकर आहेत, तिसरा त्याच घराण्याचा घ्या, दुसऱ्या कुणाचा सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळत असला तरी.

गुगलमध्ये गट बांधायला होम ॲप उघडून अधिकच्या खुणेवरून स्पीकर ग्रुप निवडायचा, स्पीकरांवर टिचकी मारायची, नाव द्यायचं. ॲपची मांडणी दर काही महिन्यांनी हलते, पण शब्द तेच असतात. नाव देताना एक पथ्य: खोलीचं, स्पीकरचं आणि गटाचं नाव एकच नको. तिन्ही "हॉल" असले की तोंडी सांगितल्यावर नेमकं काय वाजेल याचा भरवसा नाही. स्टिरिओ जोडी हा वेगळा प्रकार. तिला दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे लागतात, नेस्ट ऑडिओला नेस्ट ऑडिओच.

गुगलची सगळ्यांत कामाची आणि सगळ्यांत कमी वापरली जाणारी सोय म्हणजे ग्रुप डिले करेक्शन, म्हणजे एका स्पीकरचा उशीर भरून काढायची पट्टी. गटातला एखादा नेस्ट ब्लूटूथने बाहेरच्या मोठ्या स्पीकरला जोडला असेल, किंवा क्रोमकास्टचा (टीव्हीला खोचायच्या गुगलच्या डबीचा) आवाज ॲम्प्लिफायरमधून येत असेल, तर तेवढाच मागे पडतो. जो मागे पडतो त्याच्या सेटिंगमध्ये ऑडिओ विभागात ही पट्टी सापडते. गट वाजवत ठेवून दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभं राहा आणि दोन थापा एक होईपर्यंत पट्टी सरकवा. मध्ये उभं राहणं महत्त्वाचं: एका स्पीकरला दोन मीटर जवळ असाल तर सहा मिलिसेकंदांची खोटी फट तुम्हीच घालता.

ॲलेक्सात डिव्हाइसेसमध्ये जाऊन अधिकच्या खुणेखाली कम्बाइन स्पीकर्स, मग मल्टि-रूम म्युझिक. इथल्या दोन मर्यादा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. इकोला ब्लूटूथने बाहेरचा स्पीकर जोडून तो गटात आणता येत नाही. आणि फोनमधलं गाणं ब्लूटूथने एका इकोला देऊन ते सगळ्या गटावर पसरवताही येत नाही. गट वाजतो तो ॲलेक्साला जोडलेल्या संगीतसेवेवरूनच. जुन्या इको डॉटला म्हणून अजून किंमत आहे: तिसऱ्या-चौथ्या पिढीला साडेतीन मिलिमीटरचं भोक आहे, पाचव्या पिढीत ते काढून टाकलं. त्या भोकातून घरातल्या जुन्या म्युझिक सिस्टिमला पिन लावा, ती सिस्टिम गटात आली. वायरीमुळे जाणवण्याइतका उशीर लागत नाही.

एअरप्ले २ मे २०१८ मध्ये आलं. आयफोनच्या कंट्रोल सेंटरमध्ये गाण्याच्या चौकटीतल्या एअरप्लेच्या खुणेवर बोट ठेवायचं आणि हव्या त्या स्पीकरांपुढे खूण करायची. गट आधी बांधावा लागत नाही. जुन्या एअरप्लेवाल्या स्पीकरला आयफोनवरून असं अनेकांत बसवता येत नाही, म्हणून खोक्यावर "२" आहे ना ते पाहा. अँड्रॉइडवाल्यांनी हा परिच्छेद विसरावा.

जुना चांगला ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकर असतील तर ते टाकून प्लॅस्टिकचे गोळे आणण्यात अर्थ नाही. गुगलचं क्रोमकास्ट ऑडिओ याच कामासाठी होतं. २०१९ च्या सुरुवातीला ते बंद झालं. आज तेच काम विम प्रोसारख्या डब्या करतात: मागे ऑक्सची पिन, पुढे एअरप्ले आणि गुगल दोन्ही. हात चालवायची हौस असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि स्नॅपकास्ट हे फुकट सॉफ्टवेअर. स्नॅपकास्टमध्ये एक यंत्र सर्व्हर, बाकी खोल्यांत क्लायंट; आवाज १७०४ क्रमांकाच्या पोर्टवरून जातो आणि मूळ सेटिंगमध्ये एक सेकंद साठवून सोडला जातो. दोन खोल्यांतला फरक एका मिलिसेकंदाच्याही आत राहतो, म्हणजे महागड्या यंत्रणांच्या तोडीस तोड. फक्त पायच्या स्वतःच्या ऑडिओ पिनवर विसंबू नका, तिथे खरखर येते. यूएसबीचा छोटा डॅक (डिजिटल गाणं ॲम्प्लिफायरला समजेल अशा सिग्नलमध्ये बदलणारी डबी) लावा.

राउटर: खरं दुखणं इथे

"इंटरनेट ३०० एमबीपीएसचं आहे, तरी गाणं अडकतं" ही तक्रार कायम असते. वेगाचा यात फार संबंध नाही. सीडीच्या दर्जाचं, न आवळलेलं संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट. पाच स्पीकरांचे मिळून सात एमबीपीएस. अडतं ते गाण्याच्या माहितीचे तुकडे (पाकिटं) वेळेवर न पोचल्याने, आणि त्याआधी म्हणजे स्पीकर एकमेकांना न सापडल्याने.

सापडत नसण्याचं आपल्याकडचं नंबर एकचं कारण म्हणजे दुसरा राउटर. फायबरवाल्याने दिलेला राउटर हॉलमध्ये. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून बाजारातून आणखी एक आणला, पहिल्यातून केबल काढून दुसऱ्याच्या निळ्या किंवा पिवळ्या वॅन पोर्टला (बाहेरचं इंटरनेट आत घ्यायच्या भोकाला) लावली. इंटरनेट दोन्हीकडे झकास चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण दुसऱ्या राउटरने आत स्वतःचं वेगळं जाळं उभं केलेलं असतं. ओळखायला फोनच्या वाय-फाय माहितीत आयपी पत्ता पाहा: हॉलमध्ये १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि आतल्या खोलीत १९२.१६८.० ने, तर हेच झालंय. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सारखा ठेवला असला तरीही. स्पीकर एकमेकांना हाका मारून शोधतात, आणि ती हाक एका जाळ्यातून दुसऱ्यात जात नाही.

उपाय पंधरा मिनिटांचा. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (वेगळं जाळं न उभारता पहिल्याचंच पुढे नेणारा) असेल तर तो निवडा आणि राउटर पुन्हा सुरू करा, बस. तो पर्याय नसेल तर तीन गोष्टी, याच क्रमाने: त्या राउटरचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या मालिकेत पण वेगळा करा, उदाहरणार्थ पहिला १९२.१६८.१.१ असेल तर दुसरा १९२.१६८.१.२. मग त्याची डीएचसीपी, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटायची सोय, बंद करा. शेवटी केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टला (घरातली यंत्रं जोडायच्या भोकाला) लावा. क्रम उलटा केलात आणि डीएचसीपी आधी बंद केली तर त्या राउटरमध्ये पुन्हा शिरणं अवघड होऊन बसतं, मग रिसेटच्या भोकात टाचणी घालत बसावं लागतं. हे झालं की सगळे स्पीकर एकदा बंद-चालू करा, म्हणजे त्यांना नवे पत्ते मिळतील.

बाकीची कारणं भराभर. स्पीकर गेस्ट नेटवर्कवर जोडलेले असतील तर ते एकमेकांना दिसतच नाहीत. गेस्ट नेटवर्क असतंच त्यासाठी. राउटरमध्ये एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून तोडणारी सोय) चालू असेल तर बंद करा. फोनवर व्हीपीएन चालू असलं की घरातले स्पीकर यादीतून गायब होतात. ऑफिसच्या फोनवर हे फार होतं. आयफोनमध्ये प्रायव्हसीखाली लोकल नेटवर्कची परवानगी त्या त्या ॲपला दिलेली हवी. राउटरवर पासवर्डच्या सुरक्षेचा नुसता नवा प्रकार, डब्ल्यूपीए३, ठेवला तर जुने स्पीकर जोडलेच जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ मिळूनचा पर्याय ठेवा.

फोन ५ गिगाहर्ट्झवर आणि स्पीकर २.४ वर असला तर चालत नाही, हा गैरसमज आहे. राउटर एकच असेल तर जाळं एकच. काही स्वस्त राउटर मात्र या पट्ट्यातली हाक त्या पट्ट्यात नीट पोचवत नाहीत. तपासायला फोन तात्पुरता २.४ वर न्या. लगेच सगळे स्पीकर दिसले तर दोष राउटरचा. आयजीएमपी स्नूपिंग नावाची खूण (अशा हाका कुणाकडे पाठवायच्या ते ठरवणारी) सेटिंगमध्ये सापडली तर ती उलटी करून पाहा: चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. कुठली बाजू बरोबर हे राउटरगणिक बदलतं.

२.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकीच एक आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ. सोसायटीत आजूबाजूला पंचवीस राउटर असतात. ४० ची रुंदी घेतलीत तर जास्त शेजाऱ्यांशी भांडण. ५ वर ३६ ते ४८ मधलं चॅनेल घ्या. ५२ पासून १४४ पर्यंतच्या चॅनेलांवर रडारची चाहूल लागली की राउटरला तिथून उठावं लागतं, आणि तेवढ्यात गट फुटतो.

आणि राउटर टीव्हीच्या मागून बाहेर काढा. टीव्हीमागचा धातूचा पत्रा, खाली सेट-टॉप बॉक्स, वर गणपतीची चांदीची फ्रेम, आणि त्यातून आतल्या बेडरूमपर्यंत सिग्नल जावा ही अपेक्षा. वाय-फाय मोजणारं एखादं फुकट ॲप घेऊन प्रत्येक स्पीकरच्या जागी फोन धरा. उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या जोराचं माप; शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं) किंवा बरं असेल तर निर्धास्त राहा. उणे ७५ च्या खाली गेलं की तो स्पीकर गटाला मागे ओढणार. जुन्या वाड्याच्या दोन फुटी दगडी भिंतीपलीकडे कुठलाही राउटर हात टेकतो. तिथे केबल ओढून ॲक्सेस पॉइंट लावणं हाच मार्ग. प्लगमध्ये खोचायचे रिपीटर टाळा: ते तीच हवा दोनदा वापरतात, एकदा ऐकायला आणि एकदा सांगायला.

लाइट गेल्यावरचा घोळ वेगळाच. लाइट आली की स्पीकर अर्ध्या मिनिटात उठतात, फायबरचा डबा आणि राउटर यांना दोन-तीन मिनिटं लागतात. स्पीकरांना वाय-फाय सापडत नाही, काही पुन्हा प्रयत्न करतात, काही रुसून बसतात. मग गटातले तीन वाजतात आणि चौथा गप्प. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही छोट्या यूपीएसवर टाका. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे आकडे वाचा: बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर एक, दीड, दोन असे वेगळे; यूपीएस दोघांची बेरीज पेलणारा हवा. पिनची जाडी आणि अधिक-उणेची खूणही जुळवा. ९ व्होल्टचा राउटर १२ ला लावून जाळल्यावर वॉरंटी मिळत नाही.

कान लावून नव्हे, मोजून

सगळं जुळलं असं वाटलं तरी एकदा मोजा. मेट्रोनोमची (ठराविक लयीत ठोके देणाऱ्या यंत्राची) मिनिटाला ६० ठोक्यांची ध्वनिफीत गटावर लावा. दुसरा फोन दोन स्पीकरांपासून समान अंतरावर ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा. ती फाइल संगणकावर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या फुकट ॲपमध्ये उघडा आणि एक ठोका पूर्ण पडदा भरेपर्यंत मोठा करा. एकच उंचवटा दिसला तर उत्तम. दोन दिसले तर पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत माउसने निवड करा, खाली मिलिसेकंद लिहून येतात. भिंतीवरून परतलेला आवाज म्हणून तिसरा, बारीक उंचवटाही दिसेल. तो सोडून द्या. तासाभराने पुन्हा तेच करा. आकडा तोच असेल तर ठरावीक उशीर आहे, पट्टीने जाईल. आकडा वाढलेला असेल तर घड्याळं जुळतच नाहीत, म्हणजे तो स्पीकर खरं तर गटात नाही.

आवाजाची पातळी शेवटी लावायची. आधी प्रत्येक स्पीकर एकेकटा, मग गटाची एकत्र पट्टी. गटाची पट्टी हलवली की सगळे त्या प्रमाणात वर-खाली होतात. पॅसेजमधला सगळ्यांत हळू ठेवा, कारण तिथे दोन्ही खोल्यांचा आवाज येतच असतो.

टीव्हीचा आवाज अशा गटावर घ्यायचा मोह आवरा. गटात आवाज सेकंदभर साठवला जातो, आणि ओठ व आवाज यांची फारकत डोळ्याला फार लवकर खुपते: आवाज ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला कळायला लागतं. सिनेमासाठी साउंडबार वायरनेच जोडा.

माइकचंही तेच. हॉलमध्ये आरती चालू आहे, माणसं बाल्कनीपर्यंत उभी आहेत, म्हणून माइकचा आवाज बाल्कनीतल्या वाय-फाय स्पीकरवर काढावा असं सुचतं. बाल्कनीतल्यांच्या टाळ्या सेकंदभर मागे पडतील. तिथे ॲम्प्लिफायरपासून दीड चौरस मिलिमीटरची दोनपदरी वायर ओढून साधा आठ ओहमचा स्पीकर लावा. पंधरा मीटरच्या ओढीत जाऊन-येऊन वायरीचा रोध ०.३५ ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे आवाजात काही फरक जाणवत नाही.